वर्गणीतून उभी राहिलेली प्रयोगशाळा आणि काचेचे अंतरंग

दरवर्षी फेब्रुवारीच्या २८ तारखेला आपल्या भंडारा जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांतून चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो, मुलांची भाषणे होतात, क्वचित एखादे प्रदर्शनही भरते. परंतु ज्या संस्थेच्या आश्रयाने त्या पुरुषाने आपले संशोधन सिद्धीस नेले ती संस्था कोणी काढली, कोणाच्या पैशावर काढली आणि तिच्या भिंतींआड सापडलेल्या त्या क्षीण प्रकाशाचे पुढे काय झाले, याची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाही. विज्ञानदिनाच्या या स्मरणिकेत त्या कलकत्त्याच्या संस्थेचा, म्हणजे 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' हिचा, इतिहास सांगण्याचे योजिले आहे. तो सांगताना तिच्या अनेक फळांपैकी एकाच फळाकडे, काचेच्या अंतर्रचनेच्या अभ्यासाकडे, मुद्दाम अधिक लक्ष दिले आहे. ज्या जिल्ह्याच्या भूमीत चिखला, डोंगरी बुजुर्ग आणि सीतासावंगी येथील मँगनीज आहे, पोहऱ्याकडचे सिलिमनाइट आणि दहेगावचे कायनाइट आहे, आणि ज्याच्या जुन्या सरहद्दीत गोंदियाचा ओनामा काच कारखाना होता, त्या जिल्ह्याच्या वाचकाला काच ही परकी वस्तू नव्हे.

संस्थेचे जनक डॉ. महेंद्रलाल सरकार हे कलकत्त्यातील नामांकित वैद्य. १८६९ साली त्यांनी आपल्या वैद्यकीय मासिकातून असा विचार मांडला की, या देशातील लोकांनी पाश्चात्त्य विज्ञान केवळ पुस्तकांतून पाठ करण्यापेक्षा स्वतः प्रयोग करून वाढवावे, आणि त्याकरिता लोकांच्याच पैशावर चालणारी, लोकांच्याच व्यवस्थेखालची एक संस्था असावी. या विचारासाठी त्यांनी जमीनदारांचे, राजेरजवाड्यांचे आणि मध्यमवर्गीय गृहस्थांचे उंबरठे सात वर्षे झिजविले. त्याच वेळी कलकत्त्यातील दुसऱ्या एका पक्षाचे म्हणणे असे होते की, देश दरिद्री आहे, त्याला शुद्ध विज्ञानाची चैन परवडणारी नाही, तेव्हा जमलेला पैसा कलाकौशल्य आणि उद्योगधंदे शिकविणाऱ्या शाळेकडे लावावा. वाद बराच रंगला. बंगालचे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल, जे पूर्वी नागपुरास मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते आणि म्हणून ज्यांचे नाव आपल्या भागातील जुन्या दफ्तरांत ठायी ठायी आढळते, त्यांचे साहाय्य अखेरीस डॉ. सरकार यांच्या योजनेला मिळाले आणि २९ जुलै १८७६ रोजी संस्थेची स्थापना झाली. बहूबाजार रस्त्यावर तिची इमारत उभी राहिली. विजयानगरमच्या महाराजांच्या देणगीतून प्रयोगशाळा झाली. व्याख्याने होत, फादर लाफाँ यांच्यासारखे विद्वान येऊन प्रयोग दाखवीत, श्रोते टाळ्या वाजवीत आणि घरी जात. जन्मभर संशोधन करणारा माणूस मात्र येईना. १९०४ मध्ये डॉ. सरकार निवर्तले तेव्हा आपले कार्य निष्फळ झाले, अशी खंत त्यांच्या मनात होती. ज्याने प्रयोगशाळा बांधली त्याला तिचा धनी पाहावयास मिळाला नाही, ही गोष्ट आजही मनाला चटका लावते.

तो धनी तीनच वर्षांनी आला, आणि तोही हिशेबखात्यातून. १९०७ साली अठरा वर्षांचे रामन साहाय्यक अकाउंटंट जनरल म्हणून कलकत्त्यास रुजू झाले. रस्त्याने जाताना संस्थेची पाटी त्यांच्या दृष्टीस पडली, त्यांनी दार ठोठावले आणि ते आशुतोष डे नावाच्या साहाय्यकाने उघडले. हे डे पुढे जवळपास पंचवीस वर्षे रामन यांच्या प्रयोगांचे हात झाले. कचेरीपूर्वी पहाटे आणि कचेरीनंतर रात्री, असा त्या तरुण अधिकाऱ्याचा क्रम सुरू झाला. मध्यंतरी सरकारी नोकरीच्या रीतीप्रमाणे बदलीचे हुकूम निघाले. १९०९ मध्ये ते रंगूनला गेले, १९१० मध्ये मध्यप्रांताची राजधानी असलेल्या आपल्या नागपुरास आले आणि १९११ मध्ये पुन्हा कलकत्त्यास परतले. नागपुरात आज त्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र आहे. परंतु तेथे येणाऱ्या शेकडो मुलांपैकी किती जणांना ठाऊक असते की, हा पुरुष एकेकाळी याच शहरात खजिन्याचे कागद तपाशीत होता? १९१७ मध्ये सर आशुतोष मुखर्जी यांच्या आग्रहाखातर त्यांनी भरगच्च पगाराची सरकारी नोकरी सोडून विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद कमी वेतनावर पत्करले आणि १९१९ पासून संस्थेचे मानद चिटणीसपदही सांभाळले. अशा रीतीने डॉ. सरकार यांनी बांधून ठेवलेली वास्तू पूर्णपणे त्यांच्या हाती आली.

१९२१ साली विलायतेहून परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना विचारात पाडले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या निळाईचा शोध घेताना त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी पाणी, बर्फ, निरनिराळे द्रव यांतून होणारे प्रकाशाचे प्रकीर्णन तपासले, ही हकीगतही अनेकांनी लिहिली आहे. त्या मानाने एक गोष्ट मागे पडली आहे. १९२८ च्या महाशोधाच्या आदल्याच वर्षी, १९२७ मध्ये, रामन यांनी अमेरिकेतील प्रकाशशास्त्राच्या नियतकालिकात अस्फटिक घनपदार्थांतील प्रकीर्णनावर एक निबंध प्रसिद्ध केला होता, आणि त्याचा विषय प्रामुख्याने काच हाच होता. स्वच्छ काचेच्या ठोकळ्यातून तीव्र झोत सोडून बाजूने पाहिले असता आत जी मंद निळसर रेषा दिसते ती धुळीची किंवा बुडबुड्यांची नसून काचेच्या स्वतःच्या रेणुरचनेतून उद्भवते, असा त्या विवेचनाचा रोख होता. रामन-प्रकाशाने पुढे काचेचा अभ्यास झाला, हा म्हणूनच केवळ योगायोग नव्हे. शोधकर्त्याच्या मनात काच आधीपासूनच होती.

१९२८ सालच्या आरंभी रामन आणि त्यांचे शिष्य के. एस. कृष्णन यांनी जी मांडणी केली होती तिचे स्वरूप इतके साधे होते की, आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयात तिचा मोठा भाग जमविता यावा. दुर्बिणीच्या सात इंची भिंगाने सूर्यप्रकाश एकवटून तो दुसऱ्या लहान भिंगातून धूळरहित द्रवात सोडलेला. झोताच्या वाटेत एक निळ्या-जांभळ्या रंगाचा पडदा, ज्यातून दुसरा रंग पार होऊ नये. आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोर त्याला पूरक असा हिरवट-पिवळा पडदा, ज्यातून तो निळा-जांभळा रंग येऊ नये. दोन्ही पडदे एकदम लावले की अंधार व्हावयास हवा. तो झाला नाही. द्रवातील वाट मंदपणे उजळलेलीच राहिली. याचा अर्थ, आत शिरलेल्या प्रकाशाचा काही अंश रंग बदलून बाहेर पडत होता; हाच रामन-प्रकाश. २८ फेब्रुवारीला स्पेक्ट्रोस्कोपने थेट पाहिले तेव्हा मूळ रंग आणि नवा रंग यांच्यामध्ये काळी पोकळी स्पष्ट दिसली, आणि ही नेहमीची प्रतिदीप्ती नव्हे, याविषयी शंका उरली नाही. पुढे पाऱ्याच्या दिव्याने तीच गोष्ट सुट्या, रेखीव रेषांच्या रूपाने छायाचित्रांत उतरली. १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. लोकवर्गणीतून उभारलेल्या एका देशी संस्थेत लागलेला हा शोध आहे, हे तसबिरीला हार घालताना आपण विसरतो.

या नव्या प्रकाशाचे मर्म थोडक्यात सांगावयाचे तर असे की, पदार्थातील अणू आपापल्या जागी अखंड कंप पावत असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश त्या कंपनांना थोडी ऊर्जा देऊन किंवा त्यांच्याकडून थोडी घेऊन परततो. आणि जितकी देवघेव झाली तितका त्याचा रंग सरकतो. हे सरकणे शास्त्रज्ञ 'प्रति सेंटिमीटर' या मापात मोजतात. कोणते अणू, कोणाशी, किती घट्ट बांधलेले आहेत याप्रमाणे ते माप ठरते; म्हणून पदार्थ न फोडता, न विरघळविता, त्याच्या आतील बांधणीचा दाखला मिळतो. परंतु हा प्रकाश अतिशय क्षीण. सर्वसाधारणपणे कोट्यवधी प्रकाशकणांत एखादाच असा परततो. काचेसारख्या पदार्थाचा वर्णपट घ्यावयाचा तर एके काळी छायाचित्राची काच तासन् तास उघडी ठेवावी लागे. १९५३ मध्ये बंगलोरला आर. एस. कृष्णन यांनी पाऱ्याच्या अतिनील किरणांनी सिलिकाच्या काचेचा वर्णपट नोंदविला, ते या कष्टाच्या काळातील उत्तम काम होय. १९६० मध्ये लेसर आल्यानंतर मात्र तासांचे काम मिनिटांवर आले.

काचेच्या रचनेचा प्रश्न इतका बिकट का, हे पाहिले पाहिजे. स्फटिकात अणूंची मांडणी ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येते, म्हणून क्ष-किरणांनी तिचा नकाशा काढता येतो. काचेत ती पुनरावृत्तीच नाही. १९३२ मध्ये झाकारियासेन यांनी असे प्रतिपादिले की, काचेतही सिलिकॉनचा प्रत्येक अणू स्फटिकाप्रमाणेच चार ऑक्सिजनांनी वेढलेला असतो, आणि हे चतुष्फलक कोपऱ्याकोपऱ्याने जोडलेले असतात, फक्त जोडणीचे कोन अनियमित असतात. वैनगंगेच्या ढीवराने विणलेले जाळे हवेत भिरकावले असता जसे गाठी आणि धागे तेच राहून प्रत्येक घर वेगळ्या आकाराचे दिसते, तशी ही रचना समजावी. कारखानदार वाळूत सोडा घालतो, तेव्हा या जाळ्याचे धागे जागोजागी तुटतात. रस पातळ होतो, भट्टीचे तापमान कमी लागते, आणि म्हणूनच बाटल्या-बरण्या आपल्याला परवडतात. पण धागे किती तुटले, कोणत्या गाठीचे किती तुटले, हे सांगावयाचे कोणी? येथे रामन-प्रकाश कामास येतो.

शुद्ध सिलिकाच्या काचेत सुमारे ४४० प्रति सेंटिमीटरवर एक रुंद पट्टा दिसतो (पुढील आकडेही याच मापातले). तो सिलिकॉनांना जोडणाऱ्या ऑक्सिजनांच्या हालचालीचा, आणि त्याचे रुंदपण हेच जोडणीच्या कोनांच्या अनियमितपणाचे प्रमाण. त्या रुंद पट्ट्याच्या अंगावर ४९५ आणि ६०६ येथे दोन विलक्षण निमुळत्या रेषा असतात. अनियमित पदार्थात इतक्या रेखीव रेषा कशा, या कोड्याने अभ्यासकांना बरीच वर्षे छळले. अखेर अमेरिकेतील गॅलिनर यांनी असा उलगडा केला की, अव्यवस्थेच्या पोटातही चार-चार आणि तीन-तीन गाठींची लहान, आटोपशीर कडी तयार होतात, आणि त्या कड्यांचा श्वासोच्छ्वास शेजाऱ्यांपासून अलिप्त राहून चालतो. बोरॉन ऑक्साइडच्या काचेत तर ८०८ वर एकच उंच, सुईसारखी रेषा उभी राहते. तीन बोरॉन आणि तीन ऑक्सिजन यांच्या सपाट कड्याची ती खूण. सोडा घालीत गेले की ती रेषा खचत जाते आणि ७७०च्या आसपास दुसरी वर येते, कारण काही बोरॉन आता तीनऐवजी चार ऑक्सिजन धरू लागलेले असतात. रसायनशाळेतील पृथक्करण सोडा किती टक्के आहे ते बिनचूक सांगेल, पण तो सोडा आत शिरून काय करतो हे त्याला सांगता येणार नाही. सिलिकेट काचेत ८५० ते ११०० या पट्ट्यात एकही धागा शाबूत नसलेल्या गाठीपासून तीन धागे शाबूत असलेल्या गाठीपर्यंत प्रत्येकीची जागा क्रमाने लागलेली असते, आणि पट्ट्यांच्या क्षेत्रफळांवरून त्यांची गणती करता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते रामन-शोधाच्या सर्व उपयोगांत हा सर्वांत सुंदर आहे; कारण जेथे दुसरी साधने 'येथे व्यवस्था नाही' एवढेच सांगून थांबतात, तेथे तो अव्यवस्थेतील व्यवस्था दाखवितो.

आता १८७६ सालच्या वादाकडे वळू. शुद्ध विज्ञान की उद्योग, या प्रश्नाचे दुसरे उत्तर महाराष्ट्राने दिले होते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. जपानात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे प्रमुख होते. हा कारखाना म्हणजे एक शाळाच होती. तेथे शिकलेल्या कारागिरांनी देशभर भट्ट्या पेटविल्या. ओगलेवाडीचा कारखाना निघाला, आणि आपल्या मुलखात नागपूर व गोंदिया येथेही काच होऊ लागली. कलकत्त्याचे रुपये ज्ञानाकडे गेले, पुण्याचे पैसे भट्टीकडे. दोन्ही लोकांचेच होते, आणि दोन्ही सत्कारणी लागले. उणीव एवढीच होती की, भट्टीपाशी उभा असलेला कारागीर काचेचा रंग डोळ्यांनी आणि घट्टपणा फुंकणीने ओळखीत होता, तर प्रयोगशाळेतील पंडिताने भट्टी पाहिली नव्हती. स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याची संस्था बहूबाजार सोडून जादवपूरला गेली; त्याच जादवपुरात १९५० साली मध्यवर्ती काच व मृत्तिका संशोधन संस्था उघडली होती, आणि तेथे आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली भिंगांना लागणारी प्रकाशीय काच देशात तयार झाली. पाऊण शतकापूर्वी एकमेकांशी भांडलेल्या दोन कल्पना अशा रीतीने शेजारी राहावयास आल्या.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर काचेचे अंतरंग जाणण्याच्या या विद्येचे सर्वांत गंभीर काम समुद्रकिनारी चालते. तारापूर येथे १९८५ साली अणुभट्टीच्या तीव्र किरणोत्सारी टाकाऊ द्रवाला बोरोसिलिकेट काचेत कायमचे गोठविणारा कारखाना सुरू झाला. तुर्भे येथील जुन्या द्रवात सल्फेट बरेच असते, आणि ते काचेत मुरत नाही, वेगळे होऊन वर साचते. म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी बेरियमयुक्त बोरोसिलिकेट काच योजिली. सल्फेट काचेत खरोखर सामावले की नाही, याची खूण रामन-वर्णपटात ९९०च्या आसपास मिळते. ही काच हजारो वर्षे टिकावयाची आहे. तिच्या आतील जाळे कसे आहे हे जाणणे ही तेथे सुरक्षिततेची बाब आहे.

आणि आपला जिल्हा? वाळूतील लोहामुळे काचेला हिरवट झाक येते, ती घालविण्यास मँगनीज डायऑक्साइड वापरीत. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून ज्या प्रतीचे खनिज निघते, ते याच जातीचे, आणि त्याचा मोठा खप कोरड्या विद्युतघटांकरिता होतो. मात्रा चुकली की मँगनीज काचेला जांभळी करते. कायनाइट आणि सिलिमनाइट यांची गोष्ट त्याहून बोधप्रद आहे. दोहोंचे रासायनिक सूत्र तंतोतंत एकच. पृथक्करणाच्या कागदावर दोन्ही सारखीच दिसतील. पण कायनाइटमध्ये ॲल्युमिनियमचे सर्व अणू सहा ऑक्सिजनांच्या वेढ्यात असतात, आणि सिलिमनाइटमध्ये निम्मे सहांच्या व निम्मे चारांच्या. म्हणून दोघांचे रामन-वर्णपट क्षणात ओळखू येण्याइतके भिन्न असतात. दहेगावचा निळसर, पट्टीसारखा खडा आणि पोहऱ्याचा तंतुमय तुकडा शेजारी ठेवून हा फरक दाखविला, तर विद्यार्थ्याला रचना म्हणजे काय हे एका तासात कळेल. दोन्ही खनिजे भट्टीच्या अस्तराच्या विटांसाठी जातात. काच ज्या उष्णतेत वितळते ती सोसण्याचे बळ त्यांना त्यांच्या बांधणीतूनच येते.

आणखी एक क्षेत्र, प्राचीन काचेचे, आपल्या दाराशी आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी पवनीस उत्खनन करून तेथील प्राचीन स्तूप उजेडात आणले. कौंडिण्यपूरचे उत्खनन करणारे मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी त्याच सुमारास भारतीय काचेचा इतिहास लिहून या विषयाचा पाया घातला. प्राचीन काचेचा मणी फोडून तपासणे हा अपराधच. पण रामन-प्रकाशाला मणी फोडावा लागत नाही. फ्रान्समधील कोलोंबाँ यांनी ५०० आणि १००० यांच्या आसपासच्या दोन पट्ट्यांच्या प्रमाणावरून जुन्या काचेत क्षार किती आणि ती किती तापविलेली, याचा अंदाज बांधण्याची रीत घालून दिली आहे. विदर्भात सापडलेल्या काचेच्या मण्यांवर हे काम अधिक प्रमाणात व्हावे, अशी मनःपूर्वक इच्छा आहे.

म्हणून जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या चालकांना आणि वाचकांना एक विनंती आहे. गोंदियाच्या कारखान्यात काम केलेली माणसे आता थोडी उरली असतील. त्यांच्या घरी तेथील बरणी, चिमणी, भट्टीच्या तळाशी थिजलेला काचेचा गोळा, मिश्रणाचे प्रमाण टिपलेली वही किंवा पगाराचे कागद असतील, तर ते भंगारात जाऊ देऊ नयेत. वस्तू कोठली, कोणत्या सुमाराची आणि कोणाकडून मिळाली, याची चिठ्ठी बांधून ती जवळच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाकडे द्यावी. तिच्याशेजारी चिखल्याचे मँगनीज, दहेगावचे कायनाइट आणि वैनगंगेची वाळू यांचेही नमुने ठेवावेत. विभागप्रमुखांनी हे नमुने नागपूरसारख्या ठिकाणी, जेथे रामन-वर्णपट घेण्याची सोय असेल तेथे पाठवून त्यांचे वर्णपट मिळवावेत, आणि पुढील विज्ञानदिनी तसबिरीशेजारी ते वर्णपट मांडावेत.